"मावशी करतील ना" - लहान मुलांना घरकामाची सवय कशी लावायची?

ऐरोलीची_आई

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी झालीये पण प्लीज वाचा. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, सिनियर केजीत, आणि मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. आम्ही दोघंही नोकरी करतो, मी ट्रान्स हार्बरने ठाण्याला जाते आणि मिस्टर अंधेरीला, त्यांचा तर रोजचा निम्मा जीव प्रवासातच जातो. घरी सासूबाई आहेत, गुडघे दुखतात तरी मुलांचं सगळं त्याच बघतात, त्यांच्याबद्दल तक्रार अजिबात नाहीये. केर-लादी आणि भांड्यांना मावशी येतात.

परवा मुलाने कपभर दूध सांडलं. मी म्हटलं जा फडकं आण आणि पूस, तर तो म्हणाला "मावशी करतील ना". उर्मटपणे नाही हो, अगदी सहज, त्याला खरंच तसं वाटतं. मावशी तिथेच सिंकपाशी भांडी घासत होत्या, त्यांनी लगेच हात धुतले आणि फडकं घेऊन आल्या. मला फार लागलं ते. आपण काही सांडायचं आणि दुसऱ्या कोणीतरी येऊन पुसायचं हे ह्या वयात त्याच्या डोक्यात बसलं तर पुढे काय?

दुसरी गोष्ट मुलीची. जेवण झालं की मी दोघांना सांगते आपापली ताटं उचला, की सासूबाई म्हणतात राहू दे गं, तो लहान आहे, ताई उचलेल दोन्ही. परवा लेक मला विचारते, आई तो पाच वर्षांचा आहे तर लहान, मग मी पाच वर्षांची होते तेव्हा मोठी कशी? खरंय तिचं, तेव्हापासूनच ती ताई आहे.

तर मला विचारायचंय की पाच आणि आठ वर्षांच्या मुलांना नेमकी कुठली कामं द्यायची, सुरुवात कुठून करायची, आणि सासूबाईंना न दुखावता हे कसं जमवायचं. आमच्या सोसायटीत एका घरी ताट उचललं की पाच रुपये, बेड आवरला की दहा असं चालतं, मुलाने ते ऐकलंय आणि आता तोही मागतोय, ते बरोबर आहे का? संध्याकाळी घरी पोचेपर्यंत साडेसात होतात त्यामुळे वेळ फार नसतो हेही लक्षात घ्या.

घोडबंदर_बाबा

ताई, पाच म्हणजे उशीर वगैरे काही नाही, हेच वय आहे. माझी मुलं चार आणि सात वर्षांची, मी घरून काम करतो त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक बहुतेक माझ्याकडेच असतो, म्हणून जे रोज बघतो तेच लिहितो.

खेळणी आवरण्यापासून सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात आणि तिथेच अडतात, कारण खेळणी आवरायची म्हणजे खेळ संपला, त्यावर मूल भांडणारच. सुरुवात भाजीपासून करा. लांबून "हे कर ते कर" सांगितलं की ह्या वयाची मुलं हलत नाहीत पण आपण जे करतोय त्यात शेजारी बसवून घेतलं की उठवून उठत नाहीत.

मेथीची जुडी घ्या. खाली जुना पेपर, एक परात. माझ्या धाकटीला मी एकच गोष्ट दाखवली, काडी वाकवून बघायची, टचकन मोडली तर कोवळी, ती परातीत, आणि मोडत नाही नुसती वाकते तर जून, ती पेपरवर. आता ती प्रत्येक काडी कानाजवळ नेऊन मोडते, आवाज आला की परातीत. पिवळं पान सापडलं की उंच धरून सगळ्यांना दाखवते. वेळ लागतो, दहा मिनिटांच्या जुडीला अर्धा तास जातो, म्हणून हे रविवारी करा. आठवड्यात मग छोटी कामं, लसणाच्या पाकळ्या जरा वेळ पाण्यात टाकून ठेवल्या की सालं सुटतात ते सोलणं, थंडीत मटार, गवारीच्या शिरा काढणं, उकडलेले बटाटे गार झाले की सोलणं, गरम पोळी आपण खाली काढल्यावर तिला चमच्याने तूप लावणं. आठ वर्षांची मुलगी तर काकडी किसेल, कणीक मळेल, डाळ-तांदूळ मोजून धुवेल, फक्त किसणीला शेवटचा तुकडा सोडून द्यायला शिकवा, बोटं तिथेच सोलली जातात.

दुसरं म्हणजे एक काम पूर्ण त्याच्या नावावर करा, आणि ते असं पाहिजे की त्याने नाही केलं तर घराचं अडलं पाहिजे. आमच्याकडे पानं घेणं हे धाकटीचं काम आहे. आज जेवायला कोण कोण, आईला उशीर असेल तर तिचं ताट झाकून ठेवायचं, वाट्या किती, पाणी, मीठ, लिंबू. ती विसरली तर आम्ही कोणी उठत नाही, पातेली समोर घेऊन बसून राहतो, ओरडायचं नाही काही नाही, ती आपोआप पळते. पण त्यासाठी ताटं-वाट्या तिच्या हाताला लागायला हव्यात, आम्ही वरच्या कपाटातून काढून खालच्या ट्रॉलीत आणल्या. तुमच्याकडे फडकं उंच हुकावर असेल तर पाच वर्षांचं मूल आणणार कसं, ते पहिल्यांदा खाली आणा. त्याचं स्वतःचं वेगळं फडकं ठेवा.

कळव्याच्या_बाई

मी ठाण्यात बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं, आता निवृत्त आहे. वर घोडबंदर_बाबांनी लिहिलंय ते अगदी मनापासून पटलं, त्यात थोडी भर घालते.

बालवाडीत आम्ही ह्याला जीवनव्यवहार म्हणायचो. पाणी ओतणं, बटणं लावणं, फडकं पिळणं, धान्य निवडणं, झाडणं. ही पद्धत मांडणाऱ्या इटलीच्या माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या, पण त्याच्या आधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणातल्या जाणकारांनी गुजरातेत भावनगरला हे काम सुरू केलेलं होतं. पुढे १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी काढली आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे पण २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, म्हणून मला त्याचं विशेष वाटतं. महागडी साधनं त्यांच्याकडे नव्हती, चिंचोके, शिंपले, पानं-फुलं, आजूबाजूला जे मिळेल त्यावर बालवाडी चालायची, आणि आंघोळ, नखं, केस विंचरणं, अंगण झाडणं हाही शिक्षणाचाच भाग होता.

आणि त्यांचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे. तिथल्या वारली मुली शाळेत येत नव्हत्या कारण धाकटं भावंडं सांभाळायला घरी राहायच्या. तर ह्या दोघींनी मुलींना रागावलं नाही, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे मुलीने धाकट्याला कडेवर घेऊन यावं, त्याला पाळणाघरात सोडावं आणि स्वतः वर्गात बसावं. ऐरोलीची_आई, तुमच्या लेकीचा प्रश्न वाचला तेव्हा मला हेच आठवलं. काम शिकवणं वेगळं आणि मोठी मुलगी म्हणून तिच्यावर लादणं वेगळं. तिने भावाचं ताट उचलायचं नाही. ह्यावर तुम्ही ठाम राहा.

आता दुधाचं. पाच वर्षांच्या मुलाला नुसतं "पूस" म्हटलं तर तो दूध पसरवतो आणि मग आपण म्हणतो सोड, मी करते. त्याला पुसता येत नाही कारण पिळता येत नाही. ते आधी वेगळं शिकवा. फडकं हातरुमालाएवढं, सुती, जुनं. पाण्यात बुडवायचं, लांब घडी करायची, दोन्ही मुठींत धरायचं आणि एक मूठ आपल्याकडे, दुसरी पलीकडे फिरवायची. मुलं आधी नुसतं दाबतात, पिळत नाहीत, म्हणून आपण त्यांच्या बाजूला बसून, समोर नाही, अगदी सावकाश करून दाखवायचं आणि दाखवताना बोलायचं नाही, एकतर हात बघतील नाहीतर आपलं बोलणं ऐकतील. मग पुसताना कडेकडून मध्ये यायचं. हे एका रविवारी बाल्कनीत साधं पाणी सांडून खेळू द्या, सांडलेलं असताना शिकवायला जाऊ नका कारण तेव्हा आपण चिडलेले असतो.

आणि एक अगदी हात जोडून सांगते. त्याने केलेलं काम त्याच्यासमोर परत करू नका. त्याने घडी घातलेला टॉवेल वाकडा असेल तर वाकडाच कपाटात जाऊ दे. मुलांना सगळं कळतं, आपण मागून जाऊन नीट केलं की पुढच्या वेळी ते हात लावत नाही.

कोपरखैरणे_मम्मी

सॉरी पण मला हे सगळं जास्त वाटतं. मुलांना शाळा, होमवर्क, अबॅकस, स्विमिंग, आधीच दमतात बिचारी. खेळायचं वय आहे, खेळू द्या. हॉस्टेलला गेली की आपोआप शिकतात, आम्ही नाही का शिकलो.

सीवूड्स_दादा

कोपरखैरणे ताई, तुमचं दमण्याचं म्हणणं मान्य आहे, पण ताट उचलायला अर्धं मिनिट लागतं. आणि आपोआप शिकतात हे मुलींच्या बाबतीत खरं ठरतं कारण त्यांना कोणीतरी शिकवलेलंच असतं, मुलगे शिकतातच असं नाही. सरकारचा २०१९ चा वेळेच्या वापराचा सर्व्हे आहे, टाइम यूज सर्व्हे, तो सहा वर्षं आणि पुढच्या सगळ्यांचा आहे. त्यात घरातलं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका जवळपास ८१ टक्के आणि पुरुष २६ टक्के. आणि जे करतात त्यातही बायकांची दिवसाला २९९ मिनिटं, म्हणजे पाच तास, आणि पुरुषांची ९७. हा फरक कुठेतरी सुरू होतो ना, तो "ताई उचलेल" इथेच सुरू होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून ऐरोलीच्या ताई, तुमचे मिस्टर जेवल्यावर काय करतात ते लिहिलं नाहीत. राग मानू नका पण मुलगा आजीचं ऐकतो त्यापेक्षा बाबाकडे जास्त बघतो. बाबाने स्वतःचं ताट उचलून खरकटं काढून सिंकमध्ये ठेवलं, त्यात पाणी घातलं आणि काही न बोलता मुलाच्या ताटाकडे नुसतं बघितलं तरी तो उठेल. आमच्याकडे रविवारी वॉशिंग मशीन आणि कपडे वाळत घालणं माझं आणि मुलाचं, तो चिमटे देतो, मोज्यांच्या जोड्या लावतो, मी दोरीवर घालतो.

पैशांबद्दल, देऊ नका. २००८ मध्ये जर्मनीत मॅक्स प्लँक इन्स्टिट्यूटच्या वॉर्नेकन आणि टोमासेलो या संशोधकांनी वीस महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला होता. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडायची, बाळ ती उचलून द्यायचं. काही बाळांना मदतीबद्दल खेळणं दिलं, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच नाही. नंतर बक्षीस बंद करून पाहिलं तर ज्यांना खेळणं मिळालं होतं त्यांनी बाकीच्यांपेक्षा कमी मदत केली. म्हणजे मदत करायची हौस मुळात असतेच, आपण तिला भाव लावला की ती जाते. शिवाय व्यवहाराने बघितलं तरी उद्या तो म्हणेल आज मला पाच रुपये नकोत, मी ताट उचलत नाही, मग तुम्ही काय म्हणणार? खाऊचे पैसे द्यायचे तर वेगळे द्या, आठवड्याचे ठरवून, कामाशी त्याचा संबंध ठेवू नका. स्टार चार्टही मला फारसा आवडत नाही, पण पहिले काही दिवस आठवण राहायला फ्रीजवर एक चित्र लावलं तर हरकत नाही.

ऐरोलीची_आई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून लिहिलंत. मिस्टरांना दादांची पोस्ट वाचायला दिली, वाचून म्हणाले उद्यापासून माझं ताट मी उचलणार. बाई, फडक्याचं तर मला सुचलंच नव्हतं कधी.

पण मावशींचं काय करू? मावशी स्वतःच म्हणतात राहू द्या हो वहिनी, लहान आहे बाळ, मी करते. आणि सासूबाईंना काही म्हटलं तर त्यांना वाटेल माझ्या सांभाळण्यात खोट काढतेय.

नेरूळची_आजी

अगं, मी तुझ्या सासूबाईंच्याच वयाची, मलाही दोन नातवंडं आहेत, म्हणून दुसरी बाजू सांगते. आम्हाला वाटतं लेकराला काम करावं लागलं म्हणजे आपण घरात असून कमी पडलो. त्यांना समजावायला जाऊ नकोस, त्यांनाच त्यात घे. मुलाला सांग आजीचे गुडघे दुखतात, तिच्या गोळीच्या वेळी पाणी तू न्यायचं, पेपर वाचायला बसली की चष्मा तू शोधून द्यायचा. नातू पाणी घेऊन आला तर कुठली आजी नको म्हणेल? मग हळूच देवाकडे वळ. देवाची तांब्याची भांडी चिंचेने घासायला पाच वर्षांच्या मुलाला फार आवडतं, काळपट तांब्या बघता बघता लाल निघतो ना, तो हात थांबवत नाही. आणि हे काम आजीने शिकवायचं, देव तिचे, भांडी तिची, शिकवणारी तीच. देवाच्या कामाला आजी "लहान आहे, राहू दे" म्हणणार नाही. तिथून ताटापर्यंत यायला वेळ लागत नाही.

मावशींच्या बाबतीत माझं असं मत आहे की मुलांना मावशींची कामं करायला लावू नकोस, त्यांचं काम आणि त्यांचा पगार त्यांचा. पण त्यांच्या कामाआधीची तयारी मुलांची. मावशी केर काढायला यायच्या आधी जमिनीवरच्या गाड्या, पेन्सिली, मोजे उचललेले पाहिजेत, म्हणजे त्यांना शंभरदा वाकावं लागत नाही. घासायला जाणाऱ्या ताटात खरकटं नको. हे मावशींसमोरच मुलांना सांग, त्यांनाही कळेल तुला काय हवंय, आणि मग "मी करते" म्हणायच्या त्या थांबतील. त्यांनी खाडा केला की आपण मुलांसमोर कुरकुर करतो तेही बंद कर, त्या दिवशी सगळ्यांनी मिळून केर-भांडी करायची. आणि मुलांना मावशींचं घर कुठे, त्यांना मुलं किती, ती कितवीत, एवढं तरी माहीत असू दे.

आठ वर्षांच्या मुलीला काय द्यायचं विचारलंस तर कचऱ्याचा डबा दे. सरकारच्या २०१६ च्या कचऱ्याच्या नियमांपासून ओला-सुका वेगळा ठेवणं हे आपल्या प्रत्येक घराचं काम आहे आणि आपल्या नवी मुंबईत ते बऱ्यापैकी पाळलं जातं. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पिशवीपासून तोडायचा नाही, ती धुवून उलटी वाळत ठेवायची मग सुक्यात, सालं-देठं ओल्यात, संपलेले सेल आणि फुटलेली ट्यूब ह्यात कशातच नाही, ते वेगळं मोठ्यांकडे द्यायचं. डोकं लागतं त्याला, मुलींना मुलांना दोघांनाही आवडतं. दर महिन्याला दोघांची कामं बदल, म्हणजे तोही कचरा बघेल आणि तीही देव घासेल.

आणि काही गोष्टींना अजिबात हात लावू द्यायचा नाही, हे सगळ्यांसाठीच लिहिते. गॅस, कुकर, उकळता चहा, मिक्सर हे तर आहेच. फिनेल, बाथरूमचं ॲसिड, ड्रेनचं पावडर उंचावर कुलपात, आणि कधीही कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही, मुलं आता साफसफाईला हात घालणार तर नक्की बघणार. मुलं कपडे वाळत घालायला मदत करतात ते चांगलंच, पण खिडकीपाशी, बाल्कनीत स्टूल किंवा खुर्ची ओढून चढायचं नाही, ग्रिल असली तरी नाही. चिमटे खाली उभं राहून द्यायचे. बादलीत पाणी भरून ठेवलेलं असेल आणि घरात रांगतं मूल असेल तर ती आधी रिकामी करा.

ऐरोलीची_आई

आजी, देवाच्या भांड्यांचं आज रात्रीच सासूबाईंपाशी काढते. मुलीला ताट-वाट्यांचं काम हवंय, तिने पोस्ट माझ्यासोबत वाचली, तर पानं घेणं तिचं आणि पिळायचं फडकं घेऊन ओटा पुसणं मुलाचं असं ठरतंय, महिन्याने अदलाबदल. कचऱ्याचा डबा बाबांकडे आधी आणि मग मुलीकडे.

बाई, एक शेवटचं, मुलाच्या हाताएवढा छोटा झाडू ठाण्यात कुठे मिळेल? ऑनलाइन दिसतायत ते सगळे प्लास्टिकचे खेळण्यातले आहेत, त्याने केर निघणार नाही.

कळव्याच्या_बाई

खेळण्यातला घेऊच नका. जांभळी नाक्याच्या बाजारात जाल तेव्हा साधा फुलझाडू घ्या, बारीक आणि हलका बघून, आणि घरी आणून मुठीकडचा दांडा त्याच्या कमरेच्या उंचीने कापा. कापलेल्या टोकाला जाड सुती चिंधी घट्ट गुंडाळा नाहीतर हाताला कुसळं लागतात. सुपली पत्र्याची नको, कड धारदार असते, प्लास्टिकची चालेल. आणि नवीन फुलझाडूचा भुसा पहिले काही दिवस गळत राहतो, तो आधी बाहेर नेऊन चांगला झटका, नाहीतर पोरगं झाडतंय आणि केर वाढतोय असं होईल.